स्पर्धेचं गणित: पाचवी ते आठवीच्या मुलांच्या घरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी सकाळी आठ ते दहा शाळेच्या ओट्यावर पोरं गणितं सोडवायला बसतात. पाचवीपासून आठवीपर्यंतची, सगळी एकत्र. फी नाही, हजेरी नाही. मी तिथे शिकवते म्हणण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसते. आईवडील, आजूबाजूच्या गावांतले शिक्षक आणि कधी मुलं स्वतःच तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

शाळेच्या गणितात आणि स्पर्धेच्या गणितात नेमका फरक काय?

शाळेच्या पुस्तकात शेकडेवारीचा धडा असला की त्याखालची सगळी उदाहरणं शेकडेवारीचीच असतात. कोणती रीत लावायची हे धड्याच्या नावातच सांगून ठेवलेलं असतं. स्पर्धेच्या गणितात ते नाव नसतं. रीत मुलानं शोधायची. आकडेमोड बहुतेक वेळा सोपीच असते, अवघड असतं ते कुठून धरायचं हे कळणं.

एक उदाहरण देते. आपल्याकडे रावेर-यावलच्या बाजूला केळी वाळवून सुकेळी करतात. गणित असं: सोललेल्या ६४ किलो केळीत ७५ टक्के पाणी आहे. वाळवल्यावर सुकेळीत २० टक्के पाणी उरलं. तर सुकेळी किती किलो भरली?

पहिल्या पाच मिनिटांत ओट्यावरच्या निम्म्या वह्यांत २८.८ किलो हे उत्तर आलं. पंच्याहत्तरातून वीस गेले, पंचावन्न टक्के पाणी उडालं, ६४ चे पंचावन्न टक्के ३५.२, ते वजा केले. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. कारण ७५ टक्के हे ६४ किलोचे आहेत आणि २० टक्के हे सुकेळीच्या वजनाचे, जे आपल्याला माहीतच नाही. दोन वेगळ्या वजनांचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत.

सातवीतली एक मुलगी बराच वेळ नुसती बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, पानी उडी जास. केयं थोडीच उडी जास?" पाणी उडतं, केळं थोडंच उडतं! झालं, गणित सुटलं. पाणी सोडून जो गर आहे तो ६४ चा पाव भाग, म्हणजे १६ किलो. वाळवण्याआधी १६, वाळवल्यावरही १६. सुकेळीत पाणी २० टक्के, म्हणजे गर ८० टक्के. ज्याचे ८० टक्के १६ किलो होतात ते वजन २० किलो.

"यात बदलत नाही असं काय आहे?" हा प्रश्न त्या मुलीनं स्वतःला विचारला. स्पर्धेच्या गणितांत तो जागोजागी उपयोगी पडतो: वयाच्या गणितात दोघांच्या वयातला फरक बदलत नाही, मिश्रणात न काढलेला पदार्थ बदलत नाही, कागद कापून पुन्हा जोडला तरी क्षेत्रफळ बदलत नाही.

कितवीपासून सुरुवात करावी?

पाचवीपासून. त्याआधी मुलांनी पत्ते, सोंगट्या, काडेपेटीच्या काड्या यांच्याशी खेळावं, तेवढं पुरे. आठवीत आलेल्या मुलालाही उशीर झालेला नसतो.

पहिल्या दिवशी मी बहुतेक वेळा ६१७४ देते. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९४९ मध्ये ही गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तिथून पुढे ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कोणतीही संख्या तिथे पोहोचते.

पाचवीचं पोर हे करताना शंभरेक वजाबाक्या आनंदानं करतं. त्याच वजाबाक्या गृहपाठ म्हणून दिल्या असत्या तर दहासुद्धा केल्या नसत्या. सहावी-सातवीच्या मुलांना मी पुढचा प्रश्न देते: प्रत्येक वेळी येणारी वजाबाकी ९ नं का भागली जाते? आधी दोन अंकी संख्येवर करून बघा. ७२ वजा २७ म्हणजे ४५. दशकाचा अंक त आणि एककाचा अंक ए मानला तर (१०त + ए) वजा (१०ए + त) म्हणजे ९ × (त − ए). अक्षरं वापरली की सगळ्या संख्यांबद्दल एकदम बोलता येतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं. बीजगणिताची ओळख मला याच वाटेनं करून द्यायला आवडते.

कोणकोणत्या परीक्षा आहेत?

घरोघरी माहीत असलेली परीक्षा म्हणजे शिष्यवृत्ती. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती चौथी-सातवीला असायची, नंतर पाचवी-आठवीला आली. इयत्तांबद्दलचे निर्णय बदलत असतात, म्हणून त्या वर्षाचं परिपत्रक शाळेत विचारून घ्यावं. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न पहिल्या पेपरात असतात, बुद्धिमत्तेचे ५० दुसऱ्यात.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकत असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमच्या भागातल्या कुटुंबांसाठी ही रक्कम मोठी आहे. ही परीक्षा माहीत नसल्यामुळे कोणाच्या मुलाचा फॉर्म राहून गेला असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

पाचवीत नवोदयची परीक्षा असते: ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यात अंकगणिताचे २० प्रश्न.

निव्वळ गणिताच्या स्पर्धा वेगळ्या. गणित अध्यापक मंडळांच्या परीक्षा मराठीतून देता येतात आणि सुरुवातीला त्याच चांगल्या. असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया ही संस्था देशपातळीवर जी स्पर्धा घेते, तिच्यातल्या सातवी-आठवीच्या गटाचं नाव 'कापरेकर' आहे. हे सांगितलं की पोरांची छाती फुगते.

आठवीपासून ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, देता येते. ३० प्रश्न, तीन तास, पर्याय नाहीत. उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या असते आणि ती उत्तरपत्रिकेवर गोल रंगवून नोंदवायची असते. उत्तर ७ आलं तर ०७ रंगवायचं. त्यातून पुढे विभागीय, मग राष्ट्रीय आणि शेवटी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड. तिथे भारताचा संघ १९८९ पासून जातो. १९९६ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईत भरली होती.

शिष्यवृत्तीत एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात, आयओक्यूएममध्ये सहा मिनिटं. या दोन परीक्षांसाठी मुलाला लावायच्या सवयीही म्हणूनच वेगळ्या आहेत. पालक दोन्ही एकाच तराजूत तोलतात, ते तोलू नयेत.

गणित अडलं की मूल पुढे सरकतच नाही. काय करायला सांगावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं तेही याचंच.

आधी लहान करून बघायचं. एस.टी.च्या एका मार्गावर ८ थांबे आहेत. कोणत्याही थांब्यावरून कोणत्याही दुसऱ्या थांब्यासाठी तिकीट मिळतं. तर किती वेगवेगळी तिकिटं लागतील? आठ थांबे डोळ्यापुढे आणायला जड जातात. मग दोनच थांबे घ्या: अमळनेर आणि चोपडा. अमळनेर-चोपडा, चोपडा-अमळनेर, दोन तिकिटं. तीन थांबे घेतले तर सहा. चार घेतले तर बारा. हे तक्त्यात लिहा: २, ६, १२. इथवर आलं की मुलं पुढचा आकडा स्वतःच सांगतात, २०. पण "कसं काय?" असं विचारलं की गप्प होतात. मग पुन्हा चार थांब्यांवर या. प्रत्येक थांब्यावरून बाकीच्या तीन थांब्यांची तिकिटं, असे चार थांबे, चार त्रिक बारा. आता आठ थांबे अवघड राहत नाहीत. आठ साती छप्पन्न.

सहावीतल्या एका मुलानं यावर २८ लिहिलं होतं. मी वाचलं आणि फुली मारली. तास संपल्यावर तो वही घेऊन आला. त्यानं आठ ठिपके गोलात काढून प्रत्येक दोन ठिपके रेघेनं जोडले होते. २८ रेघा, एकही चुकलेली नाही. म्हणाला, "पण मॅडम, जातानं न् येतानं तिकीट सारखंच ऱ्हायनं तर?" मी जे गणित दिलं होतं त्यात जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगळं धरायचं, हे लिहिलेलंच नव्हतं. चूक माझ्या वाक्यात होती, त्याच्या वहीत नव्हती. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर ते सांगितलं आणि फुली खोडली. त्या दिवसापासून उत्तर वेगळं दिसलं की मी आधी "कसं केलंस?" विचारते आणि मगच पेन उचलते.

दुसरा उपाय, चित्र काढणं. रेघ, चौकट, ठिपके, काहीही. चित्र सुंदर असायची गरज नाही. माझ्या मुलांच्या वह्यांत डाव्या पानावर फक्त चित्रं असतात आणि उजव्या पानावर गणित.

तिसरा, शेवटाकडून मागे येणं. "एका माणसानं निम्मे पैसे खर्च केले, मग आणखी १० रुपये दिले, उरले ३०" अशा गणितात ३० वरून मागे चला. १० दिले त्याआधी ४०, निम्मे खर्च केले त्याआधी ८०.

चौथा उपाय सम-विषमकडे बघण्याचा. पाच विषम संख्यांची बेरीज ५० येईल का? दहा मिनिटं संख्या लावून बघणारी मुलं मी पाहिली आहेत. विषम आणि विषम मिळून सम, त्यात तिसरी विषम मिळवली की विषम, असं जोडत गेलं की पाच विषमांची बेरीज विषमच राहते. ५० कधीच येणार नाही. एखादी गोष्ट होऊच शकत नाही हे पटवून देता येणं, ही मुलांना फार मोठी ताकद वाटते.

आणि यातलं काहीच चाललं नाही तर वही मिटून ठेवायची. उद्या बघायचं. माझ्याकडे एक गणित एका मुलीनं पोळ्याला घेतलं आणि नवरात्रात सोडवलं. मधल्या काळात ती त्यावर रोज बसली नव्हती, पण ते तिच्या डोक्यात होतं. तिला मी मध्येच उत्तर सांगितलं असतं तर ते गणित माझं झालं असतं. अडकलेला वेळ वाया जात नाही, असं मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण घरात तोच वेळ सगळ्यांना रिकामा वाटतो.

मूल घरी अहिराणी बोलतं. प्रमाण मराठीतली लांबलचक गणितं त्याला कळत नाहीत. काय करावं?

आमच्या ओट्यावरची बरीच मुलं "माले समजनं नही" म्हणतात, तेव्हा त्यांना गणित नाही, वाक्य समजलेलं नसतं. नंदुरबारकडच्या भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांचं तर आणखी कठीण आहे, त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषाच आहे.

काही शब्द मी वेगळे काढून शिकवते. 'अनुक्रमे' म्हणजे ज्या क्रमानं नावं आली त्याच क्रमानं आकडे. 'क्रमागत' म्हणजे एकामागून एक लागून येणारे. 'किमान' म्हणजे यापेक्षा कमी नाही. 'तिप्पट' आणि 'तीनने जास्त' यांतला फरक तर फळ्यावर कायम लिहिलेला असतो. पाचची तिप्पट पंधरा, पाचपेक्षा तीनने जास्त आठ.

मग गणित आपल्या बोलीत परत सांगायला लावते. "रामना कडे शाम पेक्सा कितला जास्त?" असं मूल स्वतःच्या तोंडानं म्हणालं की निम्मं काम झालेलं असतं. घरी आजीला गणित सांगायचं, आजीनं उलट प्रश्न विचारायचे, हा माझा आवडता गृहपाठ. आजीला आकडेमोड करावी लागत नाही. पोराला मात्र प्रश्न नीट समजल्याशिवाय सांगता येत नाही.

परीक्षेतली भाषा शेवटी प्रमाण मराठीच असते, तिची सवय लागायलाच हवी. पण विचार बोलीत करायला कोणाची हरकत नसावी.

शॉर्टकट आणि ट्रिक शिकवाव्यात का?

पाढे तीसपर्यंत, वर्ग तीसपर्यंत, घन पंधरापर्यंत आणि शंभरच्या आतल्या मूळ संख्या तोंडपाठ हव्यात. त्याला मी ट्रिक म्हणत नाही, ती हत्यारं आहेत. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. गावात अजून काही आजोबा आहेत ज्यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, झोपेतून उठवलं तरी म्हणता येतो. त्यांच्याकडून तो शिकून घ्या. अपूर्णांकांची भीती घालवायला इतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही.

ट्रिकचं मात्र सांभाळून. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगानं गेली आणि त्याच रस्त्यानं ताशी ६० नं परत आली, तर सरासरी वेग किती? मुलं ५० लिहितात. क्लासमध्ये एक सूत्र पाठ करून घेतात, दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज, आणि उत्तर ४८ येतं. बरोबर. पण मग गणित थोडं बदललं, "जाताना एक तास ४० नं आणि पुढचा एक तास ६० नं", तर तेच मूल पुन्हा ४८ लिहितं, आणि इथे खरं उत्तर ५० आहे. कारण पहिल्या गणितात अंतर सारखं होतं, दुसऱ्यात वेळ. अंतर १२० किलोमीटर धरून तीन तास आणि दोन तास मांडणाऱ्या मुलाला दोन्ही गणितं सुटतात. त्याला सूत्राची गरज पडत नाही.

सूत्र आधी स्वतः काढायचं, मग वापरायचं. वेळ वाचवायला वापरा, विचार वाचवायला नको.

आम्ही दोघंही फार शिकलेलो नाही. घरी कशी मदत करणार?

तुम्ही करू शकता. गणित येणारा बाप पोरानं अडकताच पेन हातात घेतो आणि सोडवून देतो. तुम्ही ते करणार नाही, हा मुलाचा फायदाच आहे. तुम्ही फक्त इतकं विचारा: "मला सांग, तू काय केलंस?" मग ऐका. मध्ये एकदा तरी "असं का?" विचारा. समजावून सांगताना मूल स्वतःच थांबतं, "अरे, इथं चुकलं" म्हणतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

आणि तुमच्याकडचं गणित त्याला द्या. एकराचे चाळीस गुंठे, क्विंटलचा भाव, मोटरीचं बिल, बियाण्याच्या पाकिटांचा हिशेब. बापानं केलेला कापसाचा हिशेब पोरानं तपासून बघावा. चूक सापडली तर त्याला शाबासकी द्या.

रोज किती वेळ द्यावा? आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत मुलंही शेतात असतात.

रोज एकच गणित, अर्धा तास. रविवारी दीड-दोन तास. यापेक्षा जास्त मी मागत नाही. वेचणीच्या दिवसांत मी चालताना-बसताना करता येतील अशी गणितं देते, कागद न लागणारी. घड्याळात सव्वातीन वाजले तर दोन काट्यांत किती अंशाचा कोन? शून्य म्हणू नका, तासकाटा तीनच्या पुढे सरकलेला आहे. साडेसात अंश.

मुलांनी शेतात किती राबावं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण घरी कोणीतरी थांबायचं असलं की शाळा बहुतेक वेळा मुलीचीच बुडते, हे मला दिसतं आणि ते मला मान्य नाही. आमच्या ओट्यावर सातवीपर्यंत मुली निम्म्याहून जास्त असतात, आठवीत त्या अचानक कमी होतात. अशा वेळी मी घरी जाऊन बोलते. रविवारचे दोन तास तिचे तिला द्या, एवढंच मागते.

आपल्या खेड्यातल्या मुलांना हे झेपेल का? ही शहरातल्या मुलांची कामं.

चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ काढला, त्याची त्यात नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या मालावर मठासाठी काय द्यायचं ते लिहिलं आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका बाजारपेठेनं गणिताची शाळा चालवायला हातभार लावला होता. पाटणादेवीला सहल गेली की देवदर्शनाबरोबर मुलांना हेही सांगा.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत भुंग्यांचं एक गणित आहे. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलिंध्राच्या फुलावर, आणि या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर. एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. एकूण भुंगे किती?

सहावीचं मूल हे समीकरणाशिवाय सोडवतं. पाच आणि तीन दोन्हींनी भाग जायला हवा म्हणून थव्याचे पंधरा भाग करा. पाचवा भाग म्हणजे तीन, तिसरा म्हणजे पाच, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा. उरला एक भाग, आणि तोच तो एकटा भुंगा. म्हणून भुंगे पंधरा.

आमच्या मुलांना हे झेपतं. त्यांना न मिळालेल्या गोष्टी म्हणजे पुस्तकं, वेळ आणि "तुला जमेल" म्हणणारं माणूस. पहिल्या दोन गोष्टींसाठी पैसे लागतात, तिसरीला लागत नाहीत.

क्लास लावावा का? मोबाईलवरचे व्हिडिओ चालतील का?

क्लासमध्ये मूल किती बोलतं हे आधी बघा. दोन तास फक्त फळ्यावरून उतरवून घेत असेल तर पैसे देऊ नका. व्हिडिओ बघायचाच तर गणित वाचून झालं की थांबवायचा, वीस मिनिटं स्वतः झगडायचं आणि मगच पुढे बघायचं. फोटो काढून उत्तर मिळवणारी ॲप्सही आता मुलांच्या हातात आहेत. उत्तर तपासायला ती वापरा. गणित अजून हातात आहे तोवर नको.

सरावाची वही कशी ठेवावी?

दोन वह्या. एक रोजची. दुसरी अडलेल्या गणितांची, तीत न सुटलेलं किंवा चुकलेलं गणितच जातं. तारीख, गणित, मी काय करून पाहिलं, कुठे थांबलो. सुटलं की खाली सुटल्याची तारीख. खोडरबर वापरू देऊ नका. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली की पुरे, ती वाचता आली पाहिजे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ही दुसरी वहीच वाचायची.

प्रत्यक्ष पेपरात वेळ पुरत नाही. काय करावं?

तीन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत बघताक्षणी येणारी गणितं, दुसऱ्या फेरीत रीत माहीत आहे पण वेळ लागेल अशी, तिसऱ्या फेरीत उरलेली. शिष्यवृत्तीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा ठेवू नये. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. तशी सूचना प्रश्नातच असते. ती न वाचल्यामुळे हुशार मुलांचे गुण गेलेले मी पाहिले आहेत. 'नाही', 'चुकीचा', 'वगळून' हे शब्द दिसले की पेन्सिलीनं गोल करायचा.

आठवीच्या मुलांना ऑलिंपियाडच्या वळणाचं एक: ७ च्या २०२५ व्या घाताचे शेवटचे दोन अंक कोणते? ७, ४९, ३४३, २४०१. चौथ्या घाताला शेवट ०१ आला, म्हणजे दर चार घातांनी तेच चक्र फिरतं. २०२५ ला ४ नं भागलं तर बाकी १ उरते. म्हणून शेवट ०७. अशा वेळी घाई न करता पहिले चार-पाच घात हातानं काढणारं मूल पुढे जातं.

नंबर लागला नाही. मूल रडतंय. पुढे काय?

त्या दिवशी गणिताचं नाव काढू नका. शेजारच्या मुलाचे गुण सांगू नका. दोन-चार दिवसांनी पेपर घेऊन शांतपणे बसा आणि चुकलेली गणितं त्या दुसऱ्या वहीत उतरवा. मागच्या वर्षी निकालानंतरच्या रविवारी एक मुलगा येईल की नाही याची मला धाकधूक होती. तो आला, नेहमीपेक्षा अर्धा तास आधी. म्हणाला, पेपरातलं ४३ वं गणित घरी सुटलं.

आज घरी सुरुवात करायची तर एखादं गणित सांगाल का?

हे घ्या. पेन नको, आकडेही फारसे नकोत. साखरपुड्याला पाहुणे जमले. काहींनी एकमेकांशी हात मिळवले, काहींनी नाही मिळवले. प्रत्येकानं किती जणांशी हात मिळवला ते मोजलं. ज्यांचा आकडा विषम आला त्यांना उभं केलं. उभ्या राहिलेल्या माणसांची संख्या नेहमी समच येते. कोणताही साखरपुडा घ्या, कितीही पाहुणे घ्या. का?

तीन पाहुण्यांपासून सुरुवात करा. एकदा हात मिळवला की किती जणांचा आकडा वाढतो, तेवढं बघा. उत्तर मी इथे देत नाही. रविवारी ओट्यावर ऐकायला आवडेल, अहिराणीत सांगितलं तरी चालेल.